एम्परर की ऑर्फियस? ‘बाल्डर्स गेट 3’च्या शेवटच्या निर्णयाआधी

(ॲक्ट 3, म्हणजे खेळाच्या तिसऱ्या आणि अंतिम भागाचा शेवट इथे उघड केला आहे. खेळ अर्धवट असेल तर आधी पूर्ण करा.)

लॅरियनच्या 2023 मधल्या या खेळात सगळ्यात जास्त वाद होतो तो तुमचा रक्षक म्हणून येणाऱ्या एम्पररवरून. पहिल्या दोन ॲक्टमध्ये तो स्वप्नात येतो, तेही कॅरेक्टर बनवताना तुम्हीच निवडलेला चेहरा घेऊन. ॲक्ट 3 सुरू होताच कळतं की तो माइंड फ्लेअर, म्हणजे मेंदू खाणारा आणि मनांवर ताबा मिळवणारा प्राणी आहे. शिवाय तुम्हाला ॲब्सोल्यूटपासून (मनांवर ताबा मिळवणारी खलशक्ती) वाचवणारी शक्ती त्याची नाहीच. ती तुमच्याजवळच्या जादुई प्रिझममध्ये जखडलेल्या गिथयांकी (माइंड फ्लेअरांशी वैर असलेली योद्धा जमात) राजपुत्राची, ऑर्फियसची आहे. शेवटी नेदरब्रेन (ॲब्सोल्यूटमागचा प्रचंड मेंदू) भारी पडतो, तुम्ही प्रिझममध्ये येता आणि निवड समोर उभी राहते: नेदरस्टोन (ब्रेनला आवरणारे जादुई खडे) एम्पररला देऊन त्याला ऑर्फियसला गिळू द्यायचं, की ऑर्फिक हॅमरने ऑर्फियसच्या साखळ्या तोडायच्या.

एम्परर खोटं बोलतो, यात शंका नाही. पण ठरवताना उपयोगी पडतं ते हे की तो नेमका कशाबद्दल खोटं बोलतो.

भूतकाळाबद्दल तो सतत लपवतो. शहराच्या राज्यकर्त्यांपैकी एक, ड्यूक स्टेलमेन आपली भागीदार होती, असं तो सांगतो. रात्री कॅम्पमध्ये तो जवळीक साधायला येतो, तेव्हा त्याला तोडून, अपमान करून नकार द्या. मग तोच दाखवतो की स्टेलमेन त्याच्या ताब्यातली कठपुतळी होती. एकाच माणसाबद्दलच्या दोन कहाण्या, आणि कोणती ऐकवायची हे ठरतं तुम्ही त्याच्याशी कसे वागता यावर. फेरफार म्हणतात तो हाच. दुसरा पुरावा वर्म्स रॉक किल्ल्याच्या तुरुंगाखाली आहे. तिथल्या ड्रॅगनच्या मशालींवर विजेचा मारा केला की वाट उघडते, पुढे चार परीक्षा आणि शेवटी अन्सर. एम्परर म्हणजे शहराचा संस्थापक बाल्डुरन, आणि अन्सर हा त्याचा जिवलग ड्रॅगन त्याच्याच हातून मेला, हे तिथे कळतं. (अन्सर वीज साठवू लागला की सगळ्यांना खडकांच्या आडोशाला न्या. उघड्यावर राहिलात तर अख्खी पार्टी एका फटक्यात जाते.)

योजनेबद्दल मात्र त्याचं बोलणं बरंचसं खरं निघतं. नेदरस्टोन वापरून ब्रेनला आवरायला माइंड फ्लेअरच लागतो, हे सुटल्यावर ऑर्फियसही मान्य करतो. स्टोन एम्पररला दिले तर तो शेवटच्या क्षणी दगा देत नाही. तुम्ही ब्रेन नष्ट करायला सांगितलं की तो करतो. खोटा पडतो त्याचा एकच मोठा दावा, की ऑर्फियस सुटला तर तुमच्यावर उलटेल. ऑर्फियस संतापलेला असतो, त्याचे रक्षक तुम्ही मारले असतील तर जास्तच, पण तो तुमच्या बाजूनेच लढतो. उलटतो तो एम्परर. हॅमर उचलताच तो सरळ नेदरब्रेनला जाऊन मिळतो.

आता किंमत. एम्पररची वाट स्वस्त आहे: हॅमर लागत नाही, आणि तुमच्यापैकी कोणाला माइंड फ्लेअर व्हावं लागत नाही. बदल्यात ऑर्फियस जातो, आणि गिथयांकींची राणी व्लाकिथ हिच्याशी नातं तोडलेली तुमची गिथयांकी सोबती लेझेल हे पचवू शकत नाही. तिची कथा तुम्ही मनापासून खेळला असाल तर ही वाट घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. गिथयांकींच्या बंडाचा सगळा धागा इथे तुटतो.

ऑर्फियसच्या वाटेवर कोणीतरी माइंड फ्लेअर व्हायलाच हवं: तुम्ही, खुद्द ऑर्फियस, किंवा सोबत असेल तर तुमची सोबती कार्लाक. ऑर्फियसने हे ओझं उचललं तर लढाईनंतर तो मरण मागतो, आणि तो प्रसंग जड जातो. कार्लाकच्या छातीत हृदयाच्या जागी बसवलेलं इंजिन तिला जगू देणार नसतं, म्हणून पुष्कळ जण तिला निवडतात. पण ती तीच कार्लाक उरते का, याचा विचार आधी करून ठेवा.

या वाटेची खरी मेहनत हॅमरमध्ये आहे. राफेल या सैतानाशी करार केला तर तो लगेच मिळतो, बदल्यात क्राउन ऑफ कार्सस (ब्रेनवर बसवलेला जादुई मुकुट) द्यायचं कबूल करावं लागतं. सैतानाला तो मुकुट देणं आम्हाला एम्पररपेक्षाही वाईट सौदा वाटतो. हॅमर चोरायचा असेल तर डेव्हिल्स फी या दुकानातल्या हेल्सिककडे जा. विधीसाठी ती 20,000 सोनं मागते. घासाघीस चालते, किंवा राफेलकडचे गॉन्टलेट्स ऑफ हिल जायंट स्ट्रेंग्थ आणून देण्याच्या बोलीवर ती मदत करते. कवटी, कॉइन ऑफ मॅमन, इन्फर्नल मार्बल, धूप आणि हिरा वरच्या मजल्यावरच्या वर्तुळात मांडले की राफेलच्या घराचं, हाउस ऑफ होपचं दार उघडतं. हॅमर हाती आला की आधी तिथे कैद असलेल्या होपला सोडवा, तिच्या साखळ्याही तोच तोडतो. राफेलशी लढताना ती सोबत नसेल तर फार जड जातं. त्या लढाईत राफेलला बळ देणारे खांब आधी पाडा.

बहुतेक जण इथे फसतात ते घाईमुळे. मॉर्फिक पूलमध्ये ब्रेनसमोर गेल्यावर शहरात परतता येत नाही, आणि हॅमर नसेल तर ऑर्फियसचा पर्यायच उरत नाही. दुसरी चूक ॲक्ट 3 च्या सुरुवातीची. खरं रूप पाहून रागाने एम्पररला तिथेच मारलं तर संरक्षण जातं आणि खेळ तिथेच संपतो.

एम्परर देतो तो ॲस्ट्रल टॅडपोल (माइंड फ्लेअरची अळी) हा वेगळा प्रश्न आहे. घेतला तर उडण्यासारख्या ताकदी आणि चेहऱ्यावर काळ्या शिरा येतात, नाकारला तरी युती टिकते. म्हणून तो घेण्या-न घेण्याची सांगड शेवटच्या निवडीशी घालू नका.

अजून ठरत नसेल तर हॅमर मिळवून जवळ ठेवा, कार्लाक आणि लेझेल दोघींना पार्टीत घ्या, आणि मॉर्फिक पूलच्या आधी वेगळा सेव्ह करा. मग दोन्ही शेवट पाहता येतात.