लिव्हिंग विल की हायकोर्टातून पालकत्व?

वडील थकलेत, आत्ताच लिव्हिंग विल (शेवटच्या उपचारांबद्दलची इच्छा शुद्धीवर असतानाच लिहून ठेवणं) करावं की वेळ आली तर पालकत्वासाठी (कोमातल्या माणसाच्या वतीनं निर्णय घेण्याच्या अधिकारासाठी) हायकोर्टात जावं, असं मैत्रिणीनं विचारलं.

खर्च आणि धावपळ बघा. २०२३ पासून लिव्हिंग विलला दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो, मॅजिस्ट्रेटची सही लागत नाही. पालकत्वाला वकील, वैद्यकीय अहवाल, तारखा. तेही घरचं माणूस कोमात असताना. फार जीवघेणं असतं ते.

आवाका मात्र उलटा. लिव्हिंग विल बरं होण्याची आशा नसताना उपचार थांबवण्यापुरतं. त्यावर बँक पैसे देत नाही. कोर्टाच्या आदेशात खातं, मालमत्ताही येऊ शकते. (मुखत्यारपत्रावर विसंबू नका, देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की ते संपतं.)

वडील शुद्धीवर आहेत तोवर लिव्हिंग विल कराच. माणूस आधीच कोमात आणि पैसे अडकलेले असतील, तर हायकोर्ट.