मिरजेच्या जुन्या तंबोऱ्याची नक्षी नाशकात दुरुस्त करून घेताना

आजोबांनी १९४०च्या दशकात मिरजेहून आणलेला तंबोरा गेली वीस वर्षे आमच्या घरात खोळ घालून कोपऱ्यात उभा होता. भोपळ्याला तडा नव्हता, दांडीही सरळ होती. बिघडली होती ती नक्षी. तबलीच्या, म्हणजे भोपळ्यावर बसवलेल्या लाकडी झाकणाच्या, कडेची पांढरी पट्टी तीन ठिकाणी सुटली होती, गळ्यावरच्या कोरीव पानांपैकी एक निखळले होते आणि भोपळ्यावर रंगवलेली वेलबुट्टी धुराच्या व तेलकट हातांच्या थराखाली जवळजवळ दिसेनाशी झाली होती. शहरातील एका वाद्यांच्या दुकानात विचारले, तेव्हा सगळी पट्टी खरवडून नवी प्लॅस्टिकची लावू, वर लॅकरचा फवारा मारू आणि तंबोरा ‘अगदी नव्यासारखा’ करून देऊ, असे उत्तर मिळाले. त्या शब्दालाच घाबरून मी वाद्य उचलून घरी आणले.

त्यानंतर ओळखीतून ज्यांच्याकडे गेलो, त्यांची कार्यशाळा रविवार कारंज्यामागच्या एका बोळात, वाड्याच्या ओसरीवर आहे. पाटी नाही, आणि नाव छापू नये असे कारागिरांनीच सांगितले, म्हणून ते देत नाही. गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी ज्या नाशकात रामनाम आधाराश्रम काढला, तेथे जुने तंबोरे घरोघरी निघतात, आणि त्यांच्याकडे येणारे काम त्यांना पुरते.

पट्टी हस्तिदंताची आहे अशी आमच्या घरातील समजूत होती. कारागिरांनी ती अंगठ्याने जोरात घासून मला वास घ्यायला लावला, तर कापराचा वास आला. हाड असते तर भिंगाखाली बारीक काळे ठिपके दिसले असते आणि हस्तिदंतात बारीक रेषांची जाळी दिसली असती. ही पट्टी सेल्युलॉइडची होती. हस्तिदंताला पर्याय म्हणून १८७०च्या सुमारास अमेरिकेत निघालेला हा पदार्थ नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांपासून बनतो, काळाने आक्रसतो, पिवळा पडतो आणि चटकन पेट घेतो. म्हणून तापलेल्या सुईने पारख करण्याचा प्रकार त्यांनी ठामपणे नाकारला.

या पट्टीचे काम शोभेपुरते नाही, हे मला प्रथमच कळले. भोपळा आणि लाकडी तबली यांचा सांधा तिच्याखाली झाकलेला असतो, तर दांडी जिथे भोपळ्याला मिळते तो जोड गळ्यावरची पाने झाकतात. त्यामुळे सुटलेली नक्षी ही पुष्कळदा खालचा सांधा हलल्याची खूण असते. आमच्याकडे तसेच होते. कोणीतरी पूर्वी ओतलेला पांढरा गोंद त्यांनी कणाकणाने काढला आणि सांधा सरसाने बसवला, कारण सरस ऊब व ओल देऊन पुन्हा सोडवता येतो. ऊबही विस्तवाची नाही, गरम फडक्याची.

रंगकामावर मात्र मी सर्वांत जास्त वेळ बसून पाहिले. या वेलबुट्टीवर चपडा लाखेचा हात असतो आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते, त्यामुळे घाईने पुसणाऱ्याच्या बोळ्यावर लाखेबरोबर रंगही येतो. त्यांनी भोपळ्याच्या मागच्या बाजूस नखाएवढी जागा आधी तपासली आणि मग काडीवर गुंडाळलेल्या, घट्ट पिळलेल्या ओल्या कापसाने चार दिवस थर उतरवला. खालून हिरवा आणि शेंदरी रंग निघाला. जिथे तो उडाला होता, तिथे नवा भरला नाही. मला हा निर्णय पटला, आईला अजून पटलेला नाही.

नव्या पट्टीच्या तुकड्यावर सुईने रेषा कोरून त्यांत काळी लाख चोळण्याची पद्धत त्यांनी जुनीच ठेवली. मिरजेत एकोणिसाव्या शतकात हा धंदा उभा करणारे फरीदसाहेब शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांपैकी होते, हे त्या सुईकडे पाहताना आठवले.

आता उणिवा. तीन आठवडे सांगून अकरा घेतले. दमट हवेत लाखेवर पांढुरकी झाक येते, म्हणून उघडीप हवी होती, हे कारण खरे आहे. पण जुलैत वाद्य ठेवून घेतानाच ते सांगता आले असते, आणि फोन तर ते उचलतच नाहीत. मजुरी ८,५०० रुपये झाली, ती मला योग्य वाटते. दुसरी तक्रार बारीक आहे: जुन्या कारागिराने पट्टीवरचे प्रत्येक पान पाच रेषांत उरकले होते, यांनी सात ओढल्या, त्यामुळे उजव्या कडेचा चार इंचांचा तुकडा जास्त गच्च दिसतो. तसे बोललो तर त्यांनी भिंग घेऊन दोन्ही पाने मोजली, हसले, आणि पट्टीचे काढलेले जुने तुकडे कागदाच्या पुडीत बांधून माझ्या हातात दिले.