कोचिंगचं प्रशिक्षण: अकरा महिन्यांनंतर माझं मत का बदललं

तिसऱ्या महिन्यात मी या कोर्सबद्दल चार मैत्रिणींना मनापासून सांगितलं होतं, "डोळे झाकून घ्या." त्यातल्या एकीने पैसे भरलेसुद्धा. त्यामुळे पुढे काय झालं ते लिहिणं मला भाग आहे.

कोचिंग म्हणजे इथे शिकवणी नव्हे; सल्ला न देता, प्रश्न विचारून माणसाला त्याचं उत्तर त्यालाच शोधायला मदत करणं. हा कोर्स एसीसीसाठीचा, म्हणजे आयसीएफ या कोचच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या पहिल्या पायरीच्या प्रमाणपत्रासाठीचा. त्याला साठ तासांचं शिक्षण आणि शंभर तासांचा सराव लागतो. संस्थेचं नाव लिहीत नाही. वर्ग ऑनलाइन, शनिवार-रविवार, इंग्रजीतून. मी नाशिकला, सातपूरच्या एका कारखान्यात प्रशिक्षण विभागात आहे. फी १,१०,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण १,२९,८००. हे पैसे स्वयंपाकघराचा ओटा आणि ट्रॉल्या बदलायला बाजूला ठेवलेले होते. ओटा अजून जुनाच आहे, म्हणून मी एकेका तासाचा हिशेब वहीत ठेवला.

भांडण आधी सांगते. माहितीपत्रकात ठळक अक्षरांत होतं, "१० तास मेंटॉर कोचिंगसह." म्हणजे अनुभवी कोच आपली सत्रं ऐकून काय सुधारायचं ते दाखवतो. मे महिन्यात एसीसीच्या अर्जाची तयारी करायला बसले तेव्हा लक्षात आलं, दहाचे दहा तास गटात झालेत. आयसीएफ गटातले जास्तीत जास्त ७ तास धरते. उरलेले ३ वन-टू-वनच लागतात, आणि सगळे मिळून निदान तीन महिन्यांत पसरलेले हवेत. संस्थेला विचारलं तर उत्तर आलं, वन-टू-वन तास वेगळे, तासाला ४,५०० अधिक जीएसटी. फी घेताना हा नियम त्यांना माहीत नव्हता असं मी मानत नाही. रोज अर्ज भरून देणारी माणसं आहेत ती. तीन आठवडे मेल चालू होते. माहितीपत्रकाचं पान आणि नियमाचं पान शेजारी-शेजारी लावून पाठवलं, तेव्हा दोन तास मोफत मिळाले. तिसऱ्याचे ५,३१० रुपये मी भरले. मला त्या पाच हजारांपेक्षा त्या तीन आठवड्यांचा राग जास्त आहे.

पण माझी खरी तक्रार वेगळीच आहे, आणि ती कुणीच लिहिलेली मला दिसली नाही. ती आहे प्रश्नांच्या पुस्तिकेबद्दल.

पहिल्याच आठवड्यात इंग्रजी प्रश्नांची एक पुस्तिका मिळते. वर्गात ते प्रश्न छान चालतात, कारण समोरचाही शिकाऊ कोचच असतो आणि इंग्रजीतच बोलत असतो. माझ्याकडे येणारी माणसं मात्र मराठीत बोलतात. ग्रो पद्धतीत ध्येय, सद्यस्थिती, पर्याय आणि निर्धार अशा क्रमाने प्रश्न विचारतात. त्यातला ध्येयाचा पहिला प्रश्न मी एका सुपरवायझरला मराठीत विचारला, "तुम्हाला या सत्रातून काय हवंय?" तो गोंधळला, मग म्हणाला, "काही नको मॅडम, तुम्हीच बोलावलंत ना?" आपल्याकडे "काय हवंय" हे दुकानदार विचारतो, नाहीतर चिडलेली आई. "कसं वाटतंय?" विचारावं तर माणूस तब्येतीचं सांगू लागतो. "का" विचारू नका हे वर्गात दहादा बजावलं होतं, आणि मराठीत ते जास्तच खरं आहे, "का केलंस?" म्हणजे जाब. पण "कशामुळे" विचारलं तर तोच माणूस शांतपणे कारण शोधतो. हा फरक मला कुणी शिकवला नाही. नव्वद सत्रं घेतलेल्या प्रशिक्षकालाही तो सांगता आला नसता, कारण त्याला मराठी येत नव्हतं.

आणखी एक गुंता हाकेचा. कोच आणि क्लायंट बरोबरीचे, हे तत्त्व मला पूर्ण पटतं. पण समोरचा "मॅडम" म्हणतो तेव्हा बरोबरी तिथेच संपते, आणि "ताई" म्हणतो तेव्हा त्याला थोरल्या बहिणीचा सल्ला हवा असतो. सल्ला न देता गप्प राहिले तर त्याला वाटतं ताईला आपली पर्वा नाही. मी आता पहिल्याच भेटीत सांगते, "मी उत्तर देणार नाही, पण तुमच्याबरोबर शोधीन." काहींना चालतं, काही पुन्हा येत नाहीत. यावर मला अजून उपाय सापडलेला नाही.

इथपर्यंतचं मी मेमध्ये, रागात लिहून ठेवलं होतं. तेव्हा माझं मत होतं की पैसे वाया गेले. पुढचं आता, ऑगस्टमध्ये लिहिते आहे.

मोफत मिळालेले ते दोन तास घेताना मी हट्ट धरला की मेंटॉर मराठी जाणणाराच हवा. मिळाले, साठीचे गृहस्थ, आवाज हळू. क्लायंटच्या परवानगीने मी तीस मिनिटांच्या एका सत्राचं ध्वनिमुद्रण दिलं आणि शब्दन् शब्द कागदावर उतरवून आणला. उतरवतानाच दिसलं की तीसपैकी साधारण एकोणीस मिनिटं मी बोलत होते. मेंटॉर त्यावर काही बोलले नाहीत. त्यांनी एका जागी ध्वनिमुद्रण थांबवलं. क्लायंट म्हणत होती, "घरचे म्हणतात तसंच करावं लागेल बहुतेक," आणि मी लगेच पुस्तिकेतला पर्यायांचा प्रश्न विचारून मोकळी. मेंटॉर म्हणाले, "ते 'बहुतेक' ऐकलंत का?"

नव्हतं ऐकलं. अख्खं सत्र त्या एका शब्दात होतं.

पुढच्या भेटीत तिने तेच वाक्य पुन्हा उच्चारलं तेव्हा मी फक्त म्हटलं, "बहुतेक?" आणि थांबले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मला दोनदा बोलावंसं वाटलं, दोन्ही वेळा हात टेबलाखाली घट्ट धरले. मग ती सलग अकरा मिनिटं बोलली, आणि काय करायचं ते तिचं तिनेच ठरवलं. त्या दिवसापासून मी पुस्तिका उघडलेली नाही. समोरच्याचा शेवटचा शब्द परत करायचा, नाहीतर "मग?" किंवा "म्हणजे?" म्हणायचं, आणि थांबायचं. "मग?" हा मला सापडलेला सगळ्यात चांगला प्रश्न आहे. तो जाब विचारत नाही, सल्ला देत नाही, घाईही करत नाही. आजी गोष्ट ऐकताना "मग?" म्हणायची तसाच तो म्हणायला लागतो, नुसता शब्द पुरत नाही.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. शंभरपैकी ७५ तास मानधनाचे हवेत याची सगळ्यांना भीती वाटते. पण रक्कम कितीही चालते, आणि पैशाऐवजी वस्तू किंवा सेवा घेतलेली चालते. मी १०१ रुपयांपासून सुरुवात केली. दिंडोरीकडच्या एका बागायतदाराने मार्चमध्ये चार सत्रांबद्दल द्राक्षांची पेटी दिली, ते तास मी मानधनाचे म्हणूनच नोंदवलेत. नोंदवही पहिल्या दिवसापासून ठेवा, क्लायंटची संमती घेऊन. क्लायंट निदान आठ वेगवेगळे लागतात, एकाच मैत्रिणीवर शंभर तास काढता येत नाहीत.

एका बाबतीत कोर्सला पूर्ण गुण देते. कोचिंग कुठे थांबतं हे त्यांनी नीट शिकवलं. एक मुलगी नोकरी बदलण्याबद्दल बोलायला आली आणि बोलता बोलता कळलं, तीन आठवडे तिला धड झोप नाही, सकाळी उठावंसंच वाटत नाही. पूर्वीची मी असते तर तिला दिनक्रम आखून दिला असता. त्या दिवशी सत्र तिथेच थांबवलं, हे माझं काम नाही असं स्पष्ट सांगितलं, १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक दिला आणि मानसोपचारतज्ज्ञाची वेळ घेईपर्यंत तिच्याबरोबर बसले. आपल्या देशात कोच म्हणवून घ्यायला कसलाही परवाना लागत नाही. उद्या कुणीही पाटी लावू शकतं. म्हणून हा धडा न शिकवणाऱ्या कोर्सला फुकटसुद्धा जाऊ नये, असं मला वाटतं.

मग घ्यावा का हा कोर्स? माझे आजवर १,३५,११० रुपये गेले. साठ तासांच्या वर्गातलं निम्मं मला एव्हाना आठवत नाही. वन-टू-वनच्या तासांनी माझं ऐकणं बदललं, आणि नेमके तेच तास मला भांडून मिळवावे लागले. ज्या मैत्रिणीने माझ्या शब्दावर पैसे भरले, तिला मी हे सगळं फोन करून सांगितलं. तिच्याकडून संस्थेला मेल पाठवून घेतला: वन-टू-वनचे तास किती, ते फीत धरलेत का, आणि माझं मराठी सत्र ऐकणारं कोण आहे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं तिला दुसऱ्या दिवशी आली. तिसऱ्याचं अजून आलेलं नाही.

माझे चौसष्ट तास झालेत, त्यातले एक्कावन्न मानधनाचे. तिसरा, पैसे भरलेला वन-टू-वन तास येत्या रविवारी आहे. त्यासाठी नवं सत्र उतरवून ठेवलंय. यात मी नऊ मिनिटं बोलले आहे.