मासे आपण न्यायचे, करून ते देणार: हर्णैची बिनपाटीची खानावळ (चार स्टार)

आधीच सांगतो, या खानावळीला पाटी नाहीये, मॅपवर पण नाहीये, आणि नाव विचारलं तर काकू म्हणाल्या "नाव कशाला, घर आहे ते". त्यामुळे हा रिव्ह्यू वाचून पत्ता विचारू नका, तो हर्णै बंदरावर कुठल्याही कोळणीला विचारा, तिने सांगितला तर सांगितला.

मला तो कसा मिळाला ते सांगतो, कारण खानावळीपेक्षा तेच जास्त भारी आहे. नोव्हेंबरातला मंगळवार, मित्राने ऐन वेळी टांग दिली म्हणून गाडी नाही, मी एकटाच एसटीने दापोलीला उतरलो आणि दुपारची हर्णैची गाडी पकडली. गाडी खचाखच, फक्त एकच सीट रिकामी. का रिकामी ते जवळ गेल्यावर कळलं. खिडकीशी एक मावशी बसलेल्या, पायाशी रिकामी टोपली, त्यावर ओलं प्लास्टिक, आणि वास काय सांगू, पुढच्या काकांनी नाकाला रुमाल लावलेला तो शेवटपर्यंत काढला नाही. मी म्हटलं आपण मासे खायलाच चाललोय ना, मग वासाला काय घाबरायचं, आणि बसलो.

कंडक्टरने मावशींना अर्धं तिकीट फाडून दिलं आणि टोपलीकडे बघत "हिचं पण काढू का?" म्हणाला, त्यावर मावशींनी त्याला जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. रोजचं असावं, कारण दोघं हसत होते. सकाळी हर्णैचा माल दापोलीच्या बाजारात विकायचा, दुपारच्या गाडीने परत, संध्याकाळच्या लिलावात दुसरा घ्यायचा, हा त्यांचा दिवस. आसूदच्या उतारावर गाडी त्या पोफळीच्या बागांमधून वळणं घेत खाली उतरते तेव्हा त्यांनी मला पहिल्यांदा नीट बघितलं.

"एकटाच?"

"हो मावशी. मासे खायला आलोय."

"खानार कुठं?"

मी मोबाईल काढून एका हॉटेलचं नाव दाखवलं (नाव लिहीत नाही, उगाच वाद नको), भरपूर स्टार, सुरमई थाळीचे फोटो. मावशींनी स्क्रीन लांब धरून बघितली. "कोणी सांगितलान तुला हे?" मी म्हटलं नेटवर आहे. "सुरमई बर्फातली हाय ती. रव्यात घोळवून दिलान की काय कळतंय तुला, ताजी की शिळी? माझ्याबरोबर ये बंदरावर, मासं घे आनि मी सांगते त्या घरी जा, करून देतील."

आता खरं सांगायचं तर मी पुण्यात रिक्षावाल्याने सुचवलेल्या दुकानात पण जात नाही. पण इथे गेलो.

हर्णैचा लिलाव ज्यांनी बघितला नसेल त्यांनी एकदा बघाच, चारच्या सुमाराला पोचा. किनाऱ्याजवळ पाणी उथळ म्हणून मोठ्या बोटी आत थांबतात, माल होड्यांनी पुढे येतो आणि बैलगाड्या चक्क पाण्यात उतरून तो वाळूवर आणतात, मागे सुवर्णदुर्ग, सगळीकडे ओरडा, चिखल, कावळे, बर्फाचा चुरा. चप्पल चांगली घालून जाऊ नका, माझी गेली. जून-जुलैत जाऊ नका, मासेमारी बंद असते त्या दोन महिन्यांत, तेव्हा तुम्हाला जे ताजं म्हणून देतील ते कुठलं असेल याचा विचार तुम्हीच करा. बोली लावताना मावशी तोंड उघडतच नव्हत्या, नुसती हनुवटी हलायची, मला तर कळलंच नाही कधी ढीग त्यांचा झाला, बांगडे आणि मांदेली.

मग तिथेच उकिडवं बसवून मला शिकवणी. बांगडा डोक्याकडून धरून आडवा केला, तो काठीसारखा सरळ राहिला. "ह्यो आजचा. कालचा मान टाकतो." कल्ला उचलून दाखवला, आत कुंकवासारखं लाल. पोटावर अंगठा दाबला, खड्डा पडला आणि लगेच भरून आला. मग शेजारच्या बाईच्या ढिगातला एक उचलून त्यावर तेच करून दाखवलं, तिथला खड्डा तसाच राहिला, आणि ती शेजारची बाई अशी काय भडकली की मला वाटलं आता माझं मुटकुळं करून समुद्रात टाकतात. पाच बांगडे आणि मूठ-दोन मूठ मांदेलीचे दोनशे घेतले मावशींनी, पिशवी हातात दिली, गल्ली सांगितली आणि परत लिलावात घुसल्या. नाव विचारायचं राहूनच गेलं.

तर आता खानावळ. म्हणजे घरच. पुढच्या पडवीत दोन टेबलं, आठ जणं बसतील, नऊ नाही. पद्धत अशी की मासे तुम्ही नेऊन द्यायचे, साफ करण्यापासून सगळं त्या करतात, भाकरी, भात, सोलकढी त्यांची, माणशी दीडशे. मेन्यू कार्ड नाही. काकू पिशवीत डोकावून ठरवतात कशाचं काय करायचं आणि तुम्ही "मला बांगडा फ्राय हवा होता" वगैरे म्हणू नका, मी म्हटलं होतं, त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. "बांगडा ताजा आहे तर कालवण करायचं, तळायला मांदेली आहे ना."

आणि काय कालवण, देवा. ओलं खोबरं, लाल मिरची, आमसूल आणि वरून ठेचलेली तिरफळं. तिरफळ ज्यांना माहीत नाही त्यांनी ते चावू नका, वासापुरतं असतं, मी एक चावलं आणि दहा मिनिटं जीभ झिणझिणत होती. रस्सा दाट नाही, हॉटेलात काजूची पेस्ट बिस्ट घालून करतात तसला तर अजिबात नाही, भाकरी बुडवली की शोषून घेईल असा. मांदेली तांदळाच्या पिठात तळलेली, रवा नाही, काट्यासकट कुडुमकुडुम खायची. तांदळाची भाकरी तव्यावरून थेट ताटात, एवढी मऊ की गार झाली तरी घडी मोडत नव्हती. सोलकढी फिकी गुलाबी, म्हणजे खरी. फारच भडक गुलाबी दिसली की रंग असू शकतो. पण आंबटपणा त्या दिवशी जरा जास्तच होता, कोकमाचं आगळ सढळ हाताने पडलेलं, तेवढं बोलायला हवं.

एक स्टार कशाचा कापला ते पण सांगतो. सव्वा तास लागला. भुकेने जीव जात असेल तर येऊ नका, नाहीतर वाटेत वडापाव खाऊन या. हात धुवायची जागा मागच्या अंगणात, रात्री तिथे दिवा नाही. आणि यूपीआय चालत नाही, म्हणजे क्यूआर लावलाय भिंतीवर पण नेटवर्कच नाही पडवीत, माझ्याकडे रोख शंभर उरलेले, गावातलं एटीएम त्या दिवशी बंद. मी पार ओशाळलो. काकू म्हणाल्या उद्या दे. ओळख ना पाळख.

मग भांडी आवरता आवरता त्यांनी विचारलं, "बांगडे कोणी दिलान?" मी मावशींचं वर्णन केलं, टोपली, कपाळावरचं मोठं गोंदण, कंडक्टर. काकू हसायला लागल्या. "किती घेतलान?" दोनशे म्हटलं. "पन्नास जास्त घेतलान बघ. माझी थोरली जाऊ ती. सगळ्यांना इकडेच पाठवते."

म्हणजे घ्या! मला वाटत होतं एसटीत अचानक भेटलेली प्रेमळ अनोळखी मावशी वगैरे, आणि इथे फॅमिली बिझनेस चाललेला, मार्केटिंग थोरल्या जावेकडे, किचन धाकटीकडे. दोन मिनिटं जरा खट्टू झालो हे खोटं कशाला बोलू. मग ताटात उरलेला रस्सा बोटाने पुसून खाल्ला आणि वाटलं पन्नास रुपये क्लासची फी धरू, अंगठा कुठे दाबायचा ते आता आयुष्यभर लक्षात राहणार आहे, पुण्यात मासेवाल्याने मला टरकून राहावं.

जाणार असाल तर: मासे पाच-साडेपाचपर्यंत नेऊन द्या, गुरुवारी मासे करत नाहीत, डाळिंब्यांची उसळ मिळते म्हणे, रोख न्या, आणि आठापेक्षा जास्त माणसं असतील तर दुसरीकडे जा प्लीज.

दुसऱ्या दिवशी पैसे काढायला दापोलीला गेलो आणि तीच दुपारची गाडी पकडून परत निघालो. मावशी तिथेच, त्याच सीटवर, पायाशी टोपली. शेजारी आज एक मुलगी, मोठी सॅक मांडीवर, मोबाईल हातात. मी दोन सीट मागे उभा. आसूदचा उतार लागला तशा मावशी तिच्याकडे वळल्या आणि माझ्या कानावर आलं, "सुरमई? बर्फातली हाय ती."

मुलीने गोंधळून मागे बघितलं. मी म्हटलं, जा, चांगलं जेवण असतं, फक्त सुट्टे पैसे ने. मावशींनी वळून मला ओळखलं, जराही न ओशाळता विचारलं, "कालवण केलान ना?"

"केलं," मी म्हटलं, "आणि पन्नासचं पण सांगितलं."

मावशी खिडकीबाहेर बघायला लागल्या. टोपली मात्र पायाने जरा सरकवली आणि मला उभं राहायला जागा करून दिली.