‘फक्त तुमच्या घरासाठी’ सुगंध : पैसे १२० मिलीचे, तेल ३८ मिलीही नाही

घरीच मिसळून खोलीसाठी सुगंध करायचा, म्हणून ‘शुद्ध’ इसेन्शियल ऑइल, म्हणजे झाडापानांतून काढलेली सुगंधी तेलं, संचात विकायची ही योजना, आणि तिच्यात झालेल्या फसगतीची ही गोष्ट. आधी एक प्रश्नावली: खोलीत ऊन किती येतं, वारा कुठून येतो, लाकडाचा वास आवडतो की फुलांचा, झोपायच्या खोलीत काय हवं. मग ‘फक्त तुमच्या घरासाठी’ बसवलेला फॉर्म्युला, सोबत १० मिलीच्या १२ बाटल्या आणि सगळे पैसे आगाऊ. ‘एवढं न कळायला काय झालं?’ असं आता जो तो विचारतो. विचारोत बापडे. लेबलांवर लॅटिन नावं होती, बॅच नंबर होते, प्रत्येक तेलाचा जीसी-एमएस रिपोर्ट (तेलातले घटक यंत्राने वेगळे करून ओळखणारी तपासणी) होता, मिश्रण मुरवायच्या सूचनासुद्धा ठीकठाक होत्या. हे रस्त्यावरच्या भामट्याचं काम नाही. ज्याला तेलांचं काम नीट समजतं त्यानेच हे केलं आहे, आणि संताप त्याचाच जास्त आहे.

आधी हिशेब. पैसे घेतले १२० मिलीचे. मेजरिंग सिलिंडरमध्ये ओतून पाहिलं तर उघडलेल्या प्रत्येक बाटलीत ९ मिली, म्हणजे त्या हिशेबाने बारांत १०८. जाड बुडाची गडद काच असली की बाहेरून पातळी कळत नाही. या १०८ पैकी साधारण ६५ टक्के डीपीजी, म्हणजे डायप्रोपिलीन ग्लायकॉल, सुगंध पातळ करायचा द्रावक. उरलं ते ३८ मिलीही भरत नाही, आणि तेही सगळं झाडापानांतून निघालेलं नाही.

कुठे कळायला हवं होतं, तो क्षण काही केल्या डोक्यातून जात नाही. फॉर्म्युल्याची पहिलीच ओळ होती: लेमन, ३ मिली. थेंब मोजून मिश्रण करणं भरवशाचं नसतं. १ मिलीत २० थेंब असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण वाळ्याचं दाट तेल आणि लिंबाचं पातळ तेल यांचे थेंब एका आकाराचे पडत नाहीत. म्हणून ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा वापरतात. काट्यावर बीकर, आकडा शून्य, ३ मिली लेमन ओतलं, समोर आलं २.८८ ग्रॅम. लिंबाच्या तेलाची घनता ०.८५ च्या आसपास असते. ३ मिलीचे २.५५ ग्रॅम व्हायला हवेत, फार तर दोन-तीन शतांश इकडेतिकडे. तिथे २.८८ दिसतंय, आणि हात मुकाट्याने पुढच्या बाटलीकडे जातोय!

यात सगळा दोष वापरणाऱ्याचा नाही, हे ठासून सांगायचं आहे. अत्तराचं काम करणारे फॉर्म्युला वजनात लिहितात, ग्रॅममध्ये किंवा वजनाच्या भागांमध्ये. इथे तो मुद्दाम मिलीत दिला होता. मिलीत वाचणारा माणूस काट्यावरचा आकडा पडताळून पाहत नाही. कुणी फॉर्म्युला नुसता मिलीत किंवा थेंबांत देत असेल तर तिथेच थांबा.

नंतर तीन तेलं मोजली, प्रत्येकी बरोबर ५ मिली, आणि वजन दुप्पट करून १० मिलीचं काढलं. लॅव्हेंडर शुद्ध असतं तर ८.८ ते ८.९ ग्रॅम भरलं असतं, भरलं ९.७. लेमन ८.५ ऐवजी ९.६. पॅचौली मुळातच जड, ९.६ च्या आसपास, तेही १० वर गेलं. डीपीजीची घनता १.०२. तिन्ही आकडे त्याच दिशेने सरकलेत, आणि गणित मांडलं की तिन्हींत भेसळ ६३ ते ६७ टक्के निघते. निसर्गात असा योगायोग होत नाही. एकाच पिंपातला डीपीजी एकाच मापाने ओतल्यावर होतो.

पाण्याची परीक्षा आणखी सोपी. १० मिलीच्या सिलिंडरमध्ये ५ मिली तेल, ५ मिली पाणी, वर बूच. जोरात हलवा आणि थर वेगळे होईपर्यंत ठेवून द्या. गढूळ राहिलं तर चिमूटभर मीठ घाला. डीपीजी पाण्यात पूर्ण मिसळतो, तेल मिसळत नाही. वरचा थर ५ मिलीच राहिला तर ठीक. तो दोन मिलीच्या आसपास आला आणि खालचं पाणी ‘वाढलं’, तर तीन मिली काय होतं ते कळलंच. इथे तसंच झालं. कागदावर थेंब टाकून डाग बघायची जी परीक्षा सगळे सांगतात, तिच्यावर विसंबू नका. ती खाद्यतेलाची भेसळ पकडते, डीपीजीची नाही. शिवाय पॅचौली, वाळा, चंदन यांचे खरे थेंबही पिवळट खूण ठेवतात.

डीपीजी म्हणजे विष नव्हे, हेही सांगितलं पाहिजे. सुगंधाच्या धंद्यात तो रोजचा द्रावक आहे. तीव्र तेलं हुंगून पाहण्यासाठी १० टक्क्यांपर्यंत पातळ करायला तो लागतोच. ‘शुद्ध’ लिहून तो विकणं ही चोरी आहे, आणि तिची खरी किंमत मिश्रणात मोजावी लागते. १०० मिलीच्या रीड डिफ्युझरसाठी (काड्यांमधून खोलीत सुगंध सोडणारी बाटली) २५ मिली सुगंध आणि ७५ मिली बेस, म्हणजे सुगंध पातळ करणारा द्रव, हे नेहमीचं प्रमाण. पण त्या २५ मध्ये खरं तेल ९ मिलीही नसेल तर डिफ्युझरमध्ये ९ टक्क्यांहून कमी सुगंध आहे. खोलीत काय दरवळणार? त्यात डीपीजी दाट, काड्यांमधून हळू चढतो. माणूस काड्या उलट्या करतो, ६ च्या १० करतो, सुगंध ४० टक्क्यांवर नेतो, आणि बाटल्या निम्म्या वेळात संपवतो. म्हणजे पुन्हा ऑर्डर. रिफिलवरची ‘सवलत’ कशासाठी होती, ते इथे उमगतं.

तक्रार केली की उत्तरं तयार. ‘तुमचं नाक थकलं असेल.’ खरं आहे, तीन-चार वासांनंतर नाक थकतंच. ‘नैसर्गिक तेलात बॅचगणिक फरक असतो.’ तेही खरं. ‘मिश्रण मुरू द्या, सहा आठवडे हात लावू नका.’ मुरवावं लागतंच. दोन दिवस ते चार आठवडे ही सर्वसाधारण रीत. तिन्ही उत्तरं अर्धी खरी, म्हणून तर गळी उतरतात. आता त्या सहा आठवड्यांकडे नीट बघा. माल परत करायची मुदत सात दिवस, तीही सील न तोडता. बँकेकडे व्यवहारावर हरकत घ्यायची मुदत? सहा आठवडे मुरवून, आणखी दोन आठवडे ‘आमचे तज्ज्ञ बघताहेत’ ऐकून माणूस जागा होईतो तीही गेलेली. ही मुरवणी तेलाची नव्हती, गिऱ्हाइकाची होती.

नाक थकतं, पण सुगंधपट्टी, म्हणजे वास घ्यायची कागदी पट्टी, थकत नाही. प्रत्येक तेलात पट्टीचं टोक सेंटिमीटरभर बुडवा, नाव आणि वेळ लिहा, पट्ट्या एकमेकींना लागू देऊ नका. दहा मिनिटांनी, तासाने आणि दुसऱ्या दिवशी हुंगा. लेमन तासा-दोन तासांत जवळजवळ उडून जायला हवं. पॅचौली दिवसेंदिवस टिकते आणि जुनी होताना गोड होत जाते. इथे दुसऱ्या दिवशी लॅव्हेंडर, जिरेनियम आणि गुलाब या तिन्ही पट्ट्यांवर एकच गुळगुळीत, पावडरीसारखा वास उरला होता. वर थोडं थोडं वेगळं तेल, खाली सगळ्यांना एकच तयार फ्रॅग्रन्स ऑइल, म्हणजे कारखान्यातलं सुगंधी मिश्रण. दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचा ‘खास त्यांच्यासाठी’ बनवलेला फॉर्म्युला नंतर पाहायला मिळाला. नाव वेगळं, कार्डाचा रंग वेगळा, प्रमाण तेच. प्रश्नावली कुणी वाचलीही नसावी.

गुलाबाबद्दल तर बोलायलाच नको. वाफेने काढलेलं दमास्क गुलाबाचं एक किलो तेल निघायला तीन ते चार हजार किलो पाकळ्या लागतात. १० मिलीलाच ३० किलोच्या आसपास. ते इतर अकरा बाटल्यांच्याच भावात कसं? खरं गुलाबतेल फ्रिजमध्ये ठेवलं की गोठतं, आणि हातात धरलं की पुन्हा पातळ होतं. हे रात्रभर ठेवूनही पाण्यासारखंच वाहत होतं. व्हॅनिलाची बाटली रंगहीन होती. व्हॅनिलाचा अर्क गडद तपकिरी आणि चिकट असतो, वाफेने तो निघतच नाही. बाराव्या बाटलीवर ‘स्ट्रॉबेरी, शुद्ध इसेन्शियल ऑइल’. स्ट्रॉबेरीचं इसेन्शियल ऑइल नसतं! लिली ऑफ द व्हॅलीचं नसतं, ‘समुद्री वाऱ्याचं’ तर नसतंच नसतं. यादीत यातलं एकही नाव ‘शुद्ध’ म्हणून दिसलं, तर उरलेल्या अकरांना तपासण्यात वेळ घालवू नका.

रिपोर्ट होते ना, मग? होते. जीसी-एमएसमध्ये डीपीजी लपत नाही, आलेखात त्याची जवळजवळची शिखरं दिसतात. रिपोर्टात ती नव्हती, बाटलीत डीपीजी तर होता. म्हणजे रिपोर्ट दुसऱ्याच कुठल्यातरी चांगल्या तेलाचा. रिपोर्टावरचा बॅच नंबर बाटलीशी जुळतो का एवढंच बघून भागत नाही, नंबर छापायला काय लागतं? घनतेचा आकडा रिपोर्टावर मागा आणि घरी मोजा. खाद्यतेलाची भेसळ असेल तर ती या यंत्रातून बाहेरच येत नाही. जेवढं उडतं तेवढ्याचेच शंभर टक्के मांडले जातात आणि रिपोर्ट स्वच्छ दिसतो. ‘थेरप्यूटिक ग्रेड’ (औषधी दर्जा) हा शिक्का तर कोणतीही स्वतंत्र संस्था देत नाही, विकणारेच तो छापतात.

आता दाद मागायची गोष्ट. ग्राहक तक्रारीच्या ऑनलाइन अर्जात पहिलाच रकाना: वस्तूचा प्रकार. खाद्यपदार्थ, औषध, सौंदर्यप्रसाधन, उपकरण, इतर. ‘इतर’ निवडलं की अर्ज सौंदर्यप्रसाधनांकडे जातो. ते म्हणतात, अंगाला लावायचं नाही ना, मग आमच्याकडे नाही. परत ‘इतर’. वजनमापांच्या कार्यालयात ९ मिलीची बाटली नेली तर ‘सील तुटलंय, तुम्हीच काढून घेतलं नाही कशावरून?’ सीलबंद बाटली नेली तर ‘न उघडता कमी आहे हे तुम्हाला कसं कळलं?’ या दोन वाक्यांच्या मध्ये कुठे उभं राहायचं ते साहेबांनीच सांगावं. प्रयोगशाळा म्हणते, सरकारी कामासाठीचा नमुना कार्यालयाकडून आला पाहिजे. कार्यालय म्हणतं, आधी प्रयोगशाळेचा अहवाल आणा. बँकेचा एकच प्रश्न: माल पोचला का? पोचला. मग विषय संपला. पोलिसांनी तर बाटली उघडून हुंगली आणि ‘छान आहे की वास’ म्हणून परत दिली. यात फसवणूक कसली, हा दिवाणी मामला. विक्रेत्याने दोन ओळींचं उत्तर टाकलं, ‘नैसर्गिक उत्पादनात फरक संभवतो’, आणि त्यावर तक्रारीपुढे शेरा पडला: निकाली. कुणाच्या बाजूने निकाली, याला रकाना नाही. फेरविचाराचा अर्ज केला तर तो पुन्हा वस्तूच्या प्रकारावर येऊन थांबतो.

म्हणून पुरावा पहिल्या दिवसापासून जमवा. पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ, त्यातच सीलबंद बाटलीचं वजन, मग रिकाम्या बाटलीचं. दोन बाटल्या न उघडता ठेवा. पूर्ण संच घेऊ नका. आधी लेमन आणि लॅव्हेंडर एवढीच मागवा, कारण हलक्या तेलांत डीपीजी काट्यावर लगेच दिसतो. पॅचौली, वाळा, चंदन स्वतःच पाण्याच्या जवळपास जड असतात, तिथे काटा फारसं बोलत नाही. मुरवायला ठेवायच्या आधी मोजा. बाटलीला रबराचा ड्रॉपर लावून महिनोन्‌महिने ठेवलेला असेल तर तेही वाईट लक्षण, खरं तेल रबर खातं. ‘बेस गुपित आहे’ म्हणणाऱ्याला बेसचा सुरक्षिततेचा कागद मागा, आणि नाही म्हणाला की तिथून निघा.

हातात उरलेल्या मालाचं काय, तर मेणबत्तीत अजिबात घालू नका. डीपीजी मेणात विरघळत नाही. वर थेंब सुटतात, वात तडतडते. डिफ्युझरमध्ये घालायचं असेल तर वेगळा बेस घालू नका, ६५ टक्के बेस त्यात आधीच आहे. तसंच बाटलीत ओता, ३ ते ५ मिलिमीटर जाडीच्या ६ काड्या लावा. चढत नसेल तर १०० मिलीला १० मिली इथेनॉल, आणि मग बाटली ज्योतीपासून लांब ठेवा. स्ट्रॉबेरीची बाटली सीलबंदच ठेवली आहे. तक्रार पुन्हा उघडलीच तर लेबलावरचा ‘शुद्ध’ हा शब्द त्यांच्याच तोंडून वाचून घ्यायचा आहे.