आठ चॅनलचा प्रीअँप: क्लॉक ऑप्टिकलवरून घ्यायचा की बीएनसीवरून?

कोथरूडला घरच्या खोलीत ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग केलं तेव्हा इंटरफेसला (आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारा बॉक्स) आठ माइकांचा डिजिटल प्रीअँप (माइकचा बारीक सिग्नल वाढवून डिजिटल करणारा बॉक्स) जोडला, आणि हेडफोनमध्ये दर दोन-चार सेकंदांनी टिक्... टिक्. अर्धा दिवस माइकच्या वायरी बदलण्यात गेला, कारण होतं एवढंच की दोन्ही बॉक्स इंटर्नल क्लॉकवर होते, म्हणजे आवाजाचे सॅम्पल (नमुने) दोघंही आपापल्या ठेक्यावर घेत होते. क्लॉक एकाचाच हवा, दुसऱ्याने तो पाळायचा.

एकच ऑप्टिकल वायर असेल तर प्रीअँप मास्टर (क्लॉक देणारा) ठेवा आणि इंटरफेसचा क्लॉक सोर्स ऑप्टिकल करा, झालं काम, वेगळी वायर लागत नाही. फक्त सॅम्पल रेट (सेकंदाला किती सॅम्पल) दोन्हीकडे सारखा पाहिजे, आणि ९६ किलोहर्ट्झला गेलात की त्या एका वायरवर आठाऐवजी चारच चॅनल येतात, हे आधी लक्षात घ्या.

दुसरा मार्ग वर्ड क्लॉक, म्हणजे फक्त क्लॉक नेणारी वेगळी जोडणी. तिला बीएनसी (फिरवून अडकवायचा गोल कनेक्टर) वायर लागते, मास्टर इंटरफेसच राहतो, म्हणून प्रीअँप बंद केला तरी बाकी सेशन चालू राहतं, हे मला फार आवडतं. वायर ७५ ओहमचीच घ्या, पुण्याच्या तपकीर गल्लीत सीसीटीव्हीची आरजी-५९ मिळते ती चालते, आरजी-५८ दिसायला तशीच पण ५० ओहमची, ती नको. शेवटच्या बॉक्सवर टर्मिनेशन (वायरच्या टोकाला लागणारा ७५ ओहमचा रोध) चालू ठेवा.

मॉनिटरिंगला (वाजवताना हेडफोनमध्ये ऐकवायला) दोन्हीत फरक नाही, इंटरफेसच्या मिक्सरमधूनच ऐकवा. सॉफ्टवेअरमधून ऐकवलं तर २५६ सॅम्पलच्या बफरला (सॉफ्टवेअर एका वेळी जेवढा आवाज साठवून घेतं तो) ४८ किलोहर्ट्झवर एका बाजूलाच पाच मिलिसेकंदांच्या वर उशीर होतो आणि ताशेवाल्याला ते लगेच खटकतं.

एकच प्रीअँप असेल तर ऑप्टिकल पुरे, दुसरा आला की मी बीएनसीच घेईन.