एसएसडीला साडेसात हजार गेले, फोल्डर पळालं फुकटात

१ टीबीची पोर्टेबल एसएसडी (फिरती चकती नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) उन्हाळ्याच्या तोंडावर घेतली, आता दिवाळी झाली. वेगाचे आकडे खोक्यावर छापलेले असतात, ते वाचूनच माणूस दुकानात जातो. त्यामुळं त्यावर बोलत नाही. माझं सगळं रडगाणं एका फोल्डरचं आहे.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेल-चादरीच्या डिझाइनचं काम. जुन्या नमुन्यांचे फोटो, स्कॅन, जकार्डसाठी (नक्षी विणणाऱ्या मागासाठी) काढलेल्या बीएमपी चित्रफाइली, सगळं वर्षानुवर्षं एकाच फोल्डरात कोंबलेलं. दीड लाखाच्या वर फाइली. साखर पेठेतला व्यापारी समोर बसून म्हणायचा, "ती मोराची किनार दाखवा की," आणि फोल्डर उघडताना विंडोजच्या वरच्या पट्टीत ती लोड होतानाची हिरवी रेघ सरपटायला लागायची. चहा यायचा, पिऊन व्हायचा, पोरगं कप उचलून न्यायचं. रेघ अजून निम्म्यावरच. मित्र एकदा म्हणालाच, "बे, त्यापेक्षा कपाटातनं चादरच काढून दाखव की."

दुकानदाराचं निदान: हार्डडिस्क म्हातारी झाली. साडेसात हजार मोजले.

कॉपी लावली. आधी धडाधड, मग फोल्डर भरत जाईल तशी मंद. परत गेलो तर उत्तर काय, "डेटा जास्ती आहे साहेब, पीसीच बदला, हप्त्यावर देतो." मुकाट घरी आलो आणि प्रॉपर्टीज उघडली. ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये (डिस्कवर फाइली मांडायची एक पद्धत) फॉरमॅट होऊन आलेली! एक्सफॅटमध्ये फोल्डरातल्या नावांची अनुक्रमणिका नसते. नवी फाइल टाकताना त्या नावाची आधीच आहे का, हे बघायला यादी वरपासून खालपर्यंत चाळावी लागते. विंडोजची नेहमीची पद्धत एनटीएफएस, ती नावं बी-ट्रीत, म्हणजे झटकन शोधता येईल अशा क्रमवार झाडात, लावून ठेवते, तिला हा त्रास नाही. एक्सफॅट देतात ते मॅकवरही चालावं म्हणून. आमच्या ऑफिसात मॅक आहे कुठं? आहे तसंच एनटीएफएस करून देणारी विंडोजची 'कन्व्हर्ट' कमांड जुन्या फॅट३२ पद्धतीला चालते, एक्सफॅटला नाही. म्हणजे परत फॉरमॅट, परत कॉपी. ती मात्र झोपून उठेपर्यंत झालेली होती. एक तारा द्यायच्या बेतात होतो, चारवर आलो.

आणि फोल्डर उघडलं तर हिरवी रेघ हजर. आधीपेक्षा कमी, पण हजर.

खरा चोर सापडला तो फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये, 'कस्टमाइझ' टॅबवर. तिथं 'ऑप्टिमाइझ धिस फोल्डर फॉर' अशी यादी आहे आणि आमच्या फोल्डरला विंडोजनं परस्पर 'पिक्चर्स' ठरवून टाकलं होतं. पिक्चर्स म्हटलं की 'डेट' हा रकाना येतो, आणि ती तारीख फोटो काढल्याची असते, फाइलच्या पोटात लिहिलेली. त्यावर क्रम लावला असेल तर एक्सप्लोरर (विंडोजची फोल्डर दाखवणारी खिडकी) एकेक फाइल उघडून बघतो. गठ्ठ्यावर चिठ्ठी असताना प्रत्येक चादरीची घडी मोडून बघावी, तसला प्रकार. नाव, साइज, बदलल्याची तारीख हे एनटीएफएसच्या यादीतच असतं, त्यासाठी फाइलला हात लावावा लागत नाही. 'जनरल आयटम्स' केलं, खाली सबफोल्डरची खूण केली, क्रम 'डेट मॉडिफाइड'वर लावला. थंबनेल बंद, डिटेल्स चालू. रेघ दिसायच्या आत यादी समोर.

मग तेच जुन्या हार्डडिस्कवर केलं. ५४०० आरपीएमची ती. चकतीच्या एका फेऱ्यालाच ११ मिलिसेकंद लागतात. फाइलमागं १० मिलिसेकंद धरले तरी दीड लाखाला २५ मिनिटं होतात, ती बिचारी काय करणार? आता तीही काही सेकंदांत उघडते. साडेसात हजार डोळ्यांसमोर नाचले.

जुन्या डिस्कवर ८.३ ची आखूड नावंही (जुन्या प्रोग्रॅमसाठी प्रत्येक फाइलला मिळणारं आठ अधिक तीन अक्षरांचं दुसरं नाव) चालू होती, विंडोजच्या 'एफएसयूटिल' कमांडनं बंद केली. मायक्रोसॉफ्ट तो इलाज तीन लाख किंवा जास्त फाइलींच्या फोल्डरांना सांगतं; मला फरक जाणवला नाही. शोधायला 'एव्हरीथिंग' नावाचा प्रोग्रॅम टाकलाय, फुकट आहे. तो एनटीएफएसचं मास्टर फाइल टेबल (डिस्कवरच्या सगळ्या फाइलींची मुख्य यादी) थेट वाचतो, त्यामुळं 'मोर' टाइप होईतो किनारी समोर. एक्सफॅटवर त्याला एकेक फोल्डर फिरावं लागतं, म्हणून फॉरमॅटची कटकट वसूल झाली.

एसएसडीला साडेतीन तारे. वाईट नाही, खिशात घालून गिऱ्हाइकाकडं नेता येते. अर्धा तारा कापला तो खोक्यावर एक्सफॅटबद्दल ओळसुद्धा नाही म्हणून. 'जनरल आयटम्स'ला पाच. फोटोंचं नवं फोल्डर केलं की विंडोज परत 'पिक्चर्स' लावतं, तेवढं बघत जा. आणि पीसी हप्त्यावर घेऊ नका.